माळ्यावर बाराच

काकीने मला तीन वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नाही. पहिल्यांदा तिच्या खानावळीच्या दारात उभी राहिले तेव्हा गल्ल्यामागून मान वर करून तिने विचारलं, "गाव खंयचो?"

मी म्हटलं, "घाटकोपर."

"घाटकोपर ह्यो काय गाव? बापाचो गाव सांग."

"वाशिम. म्हणजे वाशिमपासून अजून आत."

"मग बस, वाशिम. आज बांगडे आहेत."

त्या दिवसापासून मी वाशिम. माझ्या वर्गातला माझा दोस्त, सहा फूट उंच आणि त्याच मापाने रुंद, तो चिपळूण. कुणी देवरुख, कुणी जळगाव, कुणी सांगली. एका मुलाच्या तीन पिढ्या बोरिवलीतच गेल्या होत्या, त्याला गावच सांगता येईना. काकीला त्याचं खरंच वाईट वाटलं. तिने त्याचं नाव बिनगाव ठेवलं आणि त्याच्या ताटात कायम एक तुकडी जास्त वाढली. आडनाव तिने कधी कुणाला विचारलं नाही. आडनाव सांगितल्यावर समोरच्याचे डोळे क्षणभर कसे बदलतात ते मी लहानपणापासून पाहत आले होते, म्हणून ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली.

खानावळ पार्ल्यात, आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत, एका तीन मजली जुन्या इमारतीच्या तळाला होती. वर पाटीवर देवीचं नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. आम्ही म्हणायचो, चल, माळ्यावर. खाली पाच टेबलं, आणि मागच्या अर्ध्या भागावर माळा. एका भिंतीला लागून उभी लोखंडी शिडी. वर चार टेबलं, डोक्याला लागेल इतकं छत, रस्त्याकडे एक जाळीची खिडकी. आमचे सगळे निकाल, भांडणं, प्रेमं, सबमिशनच्या आदल्या दिवशीची धावपळ, सगळं त्या माळ्यावर झालं. खाली मागच्या बाजूला काका स्वयंपाक करत. काका तरुणपणी गिरणीत लूमवर होते. गिरणी बंद पडली तेव्हा नोकरी गेली आणि त्याआधीच कान गेले होते. त्यांच्याशी काकी खुणांनी बोलायची आणि आमच्याशी ओरडून.

ओरडायला तिला कारण लागायचं नाही. माळ्यावर जायचं तर चपला शिडीखाली काढायच्या. खुर्ची ओढायची नाही, उचलून ठेवायची. टेबल वाजवायचं नाही. कुणाचा वाढदिवस असला तरी उड्या मारायच्या नाहीत. आणि वर एका वेळी बाराच माणसं. तेरावा शिडीवर पाय ठेवायला लागला की गल्ल्यावरून आवाज यायचा, "ए जळगाव! खाली!" तिची पाठ शिडीकडे असायची, तरी तिला कळायचं. ती चपलांचे जोड मोजते हे आम्हाला फार उशिरा समजलं.

चिपळूणला तर तिने माळाच बंद केला होता. "तू जाडो. तू खाली दाराकडे बस." तो बिचारा खाली एकटा बसून वर मान करून आमच्याशी गप्पा मारायचा. एकदा चिडून म्हणाला, "काकी, हा अपमान आहे यार." ती म्हणाली, "अपमान गिळ, सोलकढी घे."

मला काट्यांचा मासा खायला तिने शिकवलं. आमच्या घरी मासे फारसे होत नसत. पहिल्या बांगड्याला मी नुसतीच बघत बसले. ती उठून आली, माझ्या शेजारी बसली, आणि बोटांनी मधला काटा अख्खा उचलून ताटाच्या कडेला ठेवला. "घाई केलंस की घशात. सावकाश. मासो खंय पळान जातलो?" दुपारी गर्दी ओसरली की पहिल्या मजल्यावरच्या बाई खाली येत. निवृत्त शिक्षिका, पूर्ण शाकाहारी, बांगड्याच्या वासाने नाकाला पदर लावणाऱ्या. पण रोज यायच्या. काकी त्यांच्यासाठी वेगळ्या तव्यावर घावणे काढून ठेवायची आणि दोघी समोरासमोर बसून वीस वर्षं जुन्या मैत्रिणींसारख्या एकमेकींशी भांडायच्या.

आता त्या भागातलं काहीच उरलेलं नाही. नाक्यावरचं उडप्याचं हॉटेल, जिथे एका कॉफीवर दोन तास काढता यायचे, तिथे आता चष्म्यांचं चकाचक दुकान आहे. भाड्याने कादंबऱ्या देणारी लायब्ररी गेली. खारी-बटर उधार देणारी बेकरी गेली. माणसं त्या जागांबद्दल हळहळतात तेव्हा मीही हळहळते. माळ्याचा विषय निघाला की मात्र गप्प बसते. का ते सांगायलाच हे लिहितेय.

काकीच्या वागण्यातली एक गोष्ट सगळ्यांत विचित्र होती. दिवसातून तीनदा, सकाळी, दुपारी आणि दुकान वाढवताना, ती अनवाणी माळ्यावर जायची आणि मधोमध डोळे मिटून उभी राहायची. आम्ही वर बसलेलो असलो तरी. तिच्यासमोर कुणी बोललं तर "गप ऱ्हवा" म्हणायची. आम्हाला वाटायचं, गावच्या देवाचं काहीतरी असेल. खाली आलं की ती माळ्याखालच्या बीमजवळ स्टूल ओढून चढायची आणि कधीकधी स्वतःच्या कपाळावरची टिकली काढून तिथे चिकटवायची. त्या बीमवर वीस-पंचवीस मरून रंगाच्या टिकल्या एका तिरक्या ओळीत होत्या. देवरुख म्हणायचा, नजर लागू नये म्हणून असतील.

तिसऱ्या वर्षी आम्हाला बांधकामांची तपासणी शिकवायला लागले. सरांनी सांगितलं, भेग पडली की ती नुसती आहे का वाढतेय हे आधी बघायचं. भेग जिथे संपते तिथे खूण करून ठेवायची. पंधरा दिवसांनी भेग खुणेच्या पुढे गेली असेल तर समजायचं, बांधकाम हलतंय.

मी वही बंद केली. दुपारी खानावळीत गेले आणि स्टुलावर चढले. प्रत्येक टिकलीच्या खालून केसाएवढी रेघ गेली होती आणि पुढच्या टिकलीपर्यंत पोचली होती. शिडीच्या बाजूला तर ती केसाएवढीही नव्हती, तिथे माझं नख आत जात होतं.

"उतर खाली." काकी माझ्या मागे उभी होती. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

मी उतरले. म्हटलं, "काकी, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"कोणाक सांगितलंस?"

"कुणालाच नाही. पण हे..."

"माका ठावक आसा ह्या काय ता." तिने माझा दंड धरून मला मागच्या दाराशी नेलं. "दोन वर्षां झाली. मालकाक सांगून तोंड दुखला. तो म्हणतो, रिकामी करा, मग बघतो. रिकामी केली की तो आमका परत घेतलो? कागद ह्यांच्या थोरल्या भावाच्या नावावर. आमच्या नावावर फक्त चूल."

"आणि वर पोरं बसतात त्यांचं काय?"

"म्हणून तर बारा," ती म्हणाली.

इतके दिवस ज्या सगळ्याला आम्ही हसत होतो त्याचा अर्थ मला त्या तीन शब्दांत कळला. चपला, खुर्च्या, चिपळूणचं दाराजवळचं टेबल, डोळे मिटून उभं राहणं. पायाखाली काही हलतंय का, ते ती तळव्यांनी तपासत होती.

मी त्याच क्षणी बाहेर पडून कुणाला तरी सांगायला हवं होतं. मी वीस वर्षांची होते, काय बरोबर ते मला कळत होतं. पण काकीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू ह्याच शिकतंस ना? मग तू बघ नि माका सांग. तू सांगशील तेवढेच बसवतंय." आजवर कुणीही माझ्या शिक्षणावर इतका भरवसा टाकला नव्हता. मी हो म्हटलं.

मग दर सोमवारी मी पट्टी घेऊन जायची. भेग मोजायची. वहीच्या शेवटच्या पानावर आकडे लिहायची. एका महिन्यात मी तिला सांगितलं, बारा नाही, आठ. तिने ऐकलं. पोरं कुरकुरली, तिने शिव्या घातल्या. मी म्हटलं, टेकू लावा. काका कुठूनतरी सागाचा जाडजूड वासा घेऊन आले आणि बीमखाली उभा करून तळाला पाचर ठोकली. पोरांनी त्यावर दप्तरं टांगायला सुरुवात केली.

एकदा सरांना मी आडून विचारलं, "सर, समजा एखाद्या घरात अशी भेग असेल, रोज वाढतेय, तर किती दिवस थांबता येतं?"

सर फळा पुसत होते. वळलेसुद्धा नाहीत. "घर तुझं असेल तर आज बाहेर पड."

मी काकीला हे सांगितलं. तिने शिडीखालच्या चपला मोजल्या. मग म्हणाली, "परीक्षा होऊं दे. मे महिन्यात पोरां गावाक गेली की माळो बंद." तेव्हा एप्रिल उजाडला होता. मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, शेवटच्या वर्षातल्या एका मुलाला मोठ्या कंपनीत नोकरी लागली. त्या दुपारी काकी खानावळीत नव्हती. तिची दाढ सुजली होती, ती काढायला गेली होती. गल्ल्यावर कुणी नाही, आणि काका मागे भट्टीसमोर. त्यांना वरचं काहीच ऐकू येत नव्हतं.

मी साडेतीनच्या सुमारास फाईल घेऊन पोचले तर गल्लीतच गाण्याचा आवाज येत होता. आत शिरले. वर टेबलं बडवत होते, पाय आपटत होते. शिडीखाली चपलांचा ढीग. मी मोजायला लागले. अठरा जोड. त्यातच चिपळूणचे ते भलेमोठे सँडल. काकी नाही म्हणून तो पहिल्यांदाच वर गेला होता. खालच्या टेबलावर वरून पांढरी भुकटी पडत होती, जशी पोळपाटावर पीठ भुरभुरावं. मी टेकूला हात लावला. वासा हाताखाली थरथरत होता, आणि तळाची पाचर सुटून बाजूला पडली होती.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. काकी होती. एक गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. तिने चपलांकडे पाहिलं, पाचरीकडे पाहिलं. बोळा काढून पदरात धरला.

"आरडू नको," ती कुजबुजली. तोंडात रक्त होतं, शब्द नीट फुटत नव्हते. "एकदम उठले तर सगळे शिडीकडे येतले. भेग थंयच हा."

तिने वाकून पाचर उचलली, वाशाखाली सरकवली आणि खलबत्त्याचा दगड माझ्या हातात दिला. मी गुडघ्यावर बसून पाचर ठोकायला लागले, जितक्या हळू ठोकता येईल तितक्या हळू. काकी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढली आणि वर मान करून, रोजच्यासारखी वैतागलेली, म्हणाली, "चिपळूण! तू वर कसो गेलंस रे मेल्या? खाली ये. एकटो ये."

वर हशा झाला. "पकडला गेलास!" चिपळूण ओशाळून उतरला. त्याचं वजन शिडीवर आलं तेव्हा बीममधून एक आवाज आला, सुकी फांदी वाकवल्यासारखा. मी वर पाहिलं नाही. मला वर बघायचं धैर्य नव्हतं.

"देवरुख, तुझ्या आवशीचो फोन इलो. लवकर."

देवरुख उतरला.

"जळगाव, तुझा ताट पडलाहा खाली. कावळे खातले." जळगाव उतरली. "सांगली, हय ये, तुझ्याशी काम हा." काम काय, ते तिने सांगितलं नाही. सांगली येऊन उभी राहिली, तर काकीने तिच्याकडे न बघता तिला दाराबाहेर ढकललं. एकेक करून ती बोलवत होती. दोघं एकदम उठले की "तू बस, तुका बोलावलंय काय?" म्हणून एकाला परत बसवत होती. तिच्या हनुवटीवरून रक्ताचा ओघळ येत होता आणि ती तो पदराने टिपत होती. मी पाचर दोन्ही हातांनी दाबून बसले होते, जणू माझ्या हातांनी काही थांबणार होतं.

किती वेळ गेला मला माहीत नाही. अठरा जोड संपले आणि तरी वर टेबल वाजत होतं. नोकरी लागलेला तो मुलगा. पहिल्यांदाच आला होता, बूट काढले नव्हते, म्हणून माझ्या मोजण्यात आला नव्हता. काकीला त्याचं गाव माहीत नव्हतं.

"ए, खाली ये," ती म्हणाली.

"पाच मिनिटं, आंटी."

काकी वर गेली. मी "काकी नको" म्हटलं, ते तिने ऐकलं की नाही कोण जाणे. माझ्या डोक्यावर मला तिची अनवाणी पावलं ऐकू आली. मग बूट वाजले, खुर्ची सरकली, आणि भुकटी माझ्या केसांत पडली. ती त्याची कॉलर धरून त्याला शिडीपाशी घेऊन आली, आधी त्याला उतरवलं, मग स्वतः उतरली.

"पागल आहे का ही बाई?" तो बाहेर जाऊन ओरडला.

"व्हय," काकी म्हणाली. "जा आता."

पोरं चिडली होती. पार्टी मोडली म्हणून शिव्या देत ती दुसरीकडे गेली. काकीने शिडीला आडवी खुर्ची लावली, मागे जाऊन काकांना खूण केली, भट्टी बंद. आम्ही तिघं दाराबाहेर फुटपाथवर उभे राहिलो आणि माळ्याकडे बघत राहिलो. अर्धा तास. तासभर. काहीच पडलं नाही.

"कागद हा?" काकीने विचारलं.

मी फाईलमधून कोरा कागद काढला. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी वॉर्ड ऑफिसच्या नावाने अर्ज लिहिला. इमारत धोकादायक आहे, तपासणी करावी. काकीने वाचून दाखवायला सांगितलं आणि खाली सही केली. तिला सहीपुरतंच लिहिता येत होतं. काका बाजूला उभे होते. ती त्यांना खुणेने काय सांगतेय ते मला कळत नव्हतं, पण त्यांनी एकदाच जोरात मान हलवली. नाही. तिने कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

अधिकारी येऊन पाहून गेले. फक्त माळा नाही, अख्खी इमारतच धोकादायक ठरली. नोटीस लागली. वरच्या मजल्यांवरच्या घरांना सामान आवरायला थोडे दिवस मिळाले.

सामान बाहेर काढत होते त्या सकाळी मी तिथे गेले होते. गल्लीत कपाटं, गाद्या, देव्हारे. रहिवाशांनी काकीला घेरलं होतं. "बिल्डरशी कधी ठरलं तुमचं?" "आम्हाला एका शब्दाने विचारायचं तरी होतं." पहिल्या मजल्यावरच्या बाई पुढे आल्या. त्यांच्या हातात त्या अर्जाची प्रत होती, कुठून मिळवली कोण जाणे.

"तुला लिहिता येत नाही," बाई म्हणाल्या. त्या ओरडत नव्हत्या. "हे अक्षर कुणाचं आहे? कुणी लिहून घेतलं तुझ्याकडून?"

मी चार पावलांवर होते. माझ्या हातात तीच फाईल होती. काकीने गर्दीतून एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन बोलले असते तर मला सगळंच सांगावं लागलं असतं. मी किती महिने मोजत होते तेही. कॉलेजला कळलं असतं. बाबांना कळलं असतं.

"माझा अक्षर," काकी म्हणाली. "मीच लिवलंय."

बाईंनी कागद तिच्या अंगावर टाकला आणि त्या निघून गेल्या. मीही निघून गेले.

इमारत त्यानंतर दोन वर्षं रिकामी उभी होती. दोन पावसाळे तिने काढले. ती गल्ली लागू नये म्हणून मी लांबचा रस्ता घ्यायचे, पण पोरं सांगायची, "अगं, तशीच आहे. काकी उगाच घाबरली." बाईंचे यजमान नालासोपाऱ्याच्या भाड्याच्या खोलीत वारले, हेही कुणीतरी सांगितलं.

मग ती पाडायला घेतली. मी तेव्हा एका कंत्राटदाराकडे नोकरीला लागले होते. सुट्टी काढून गेले. माळ्याखालचा बीम फुटून बाहेर पडला होता. टिकल्या अजून दिसत होत्या. मी आतली सळई हातात घेतली. गंजून ती उदबत्तीच्या काडीएवढी झाली होती. दोन बोटांनी वाकवली, तर मोडली. इतके दिवस ते सगळं कशावर उभं होतं हे मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हाच काकीला शोधून सांगायचं मी ठरवलं. नाही गेले. समोर जाऊन उभं कसं राहायचं तेच कळत नव्हतं. आधी महिने गेले, मग वर्षं.

गेल्या महिन्यात आमच्या बॅचचे लोक भेटले. ठरवून त्याच जागी, नव्या टॉवरच्या तळाला असलेल्या कॅफेत. तो गाळा काकांच्या पुतण्यांना मिळालाय. काचेच्या भिंती, मंद गाणी. सगळे माळ्याच्या आठवणी काढत होते. जळगाव म्हणाली, "पण काकीने विकून खाल्लं ना यार ते. बिल्डरशी सेटिंग." सगळ्यांनी मान डोलावली. मी कॉफीकडे बघत बसले.

बाहेर पडताना चिपळूण म्हणाला, "अगं, काकी मला मुलुंडच्या बाजारात दिसली. लेकीकडे राहते. मला बघून म्हणाली, अजून जाडोच आसंस."

रविवारी मी गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार तिनेच उघडलं. वाळून लहान झाली होती. भिंतीवर काकांचा फोटो, त्याला हार.

"वाशिम," ती म्हणाली. "ये. जेवतंस?"

मी बसले नाही. बसले असते तर जेवून परत आले असते. उभ्या उभ्या सांगितलं. बीम, सळई, उदबत्तीची काडी. ती ऐकत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"म्हणजे माळो पडलो असतो?"

"हो काकी. त्या दिवशी नसता तर पुढे कधीही. कसा उभा राहिला तेच नवल."

"तुका ह्या कधी कळला?"

"पाडली तेव्हाच."

तिने फोटोकडे पाहिलं. "तेव्हा हे होते. मगे वर्षभर होते." तिने बोटाचा पदर सोडवला. "रोज इचारीत. असे हात करून." तिने दोन्ही तळवे एकावर एक धरून वरचा खाली आणला. "माळो पडलो काय? पाडली तरी इचारीत, त्येंका समजाच नाय. मी म्हणा, नाय. मग तोंड फिरवीत. शेवटच्या दिवसांत माझ्या हातचा पाणी पण घेतल्यानी नाय."

 माफी मागायला मी गेले होते, पण तो शब्द तिथे काढायची लाज वाटली. काकीनेही माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि ती रडलीही नाही. उठली, चष्मा लावला, फ्रिजवरची एक वही काढली. पान शोधून त्यावर बोट धरलं.

"हो बाईंचो नंबर. लेकीकडून लिवन घेतलो. आजपावत फोन करूक नाय." तिने स्वतःचा मोबाईल माझ्यापुढे केला. "त्येंका सांग. माका नको सांगू, त्येंका सांग."

मी नंबर लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. काकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चौकट धरून.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. म्हातारा, पण शब्द तसेच स्वच्छ. "कोण बोलतंय?"

"बाई, मी तुमच्या खालच्या खानावळीत जेवायला यायचे. तुमच्या हातात जो अर्ज होता ना, तो माझ्या अक्षरात होता. काकींनी नव्हता लिहिला."

पलीकडे टीव्ही चालू होता. कुणीतरी तो बंद केला.

"बोल," बाई म्हणाल्या. "ऐकतेय मी."